एका क्लिकला दहा

१२ जानेवारी, रविवार

सगळं बदललं ते काल सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. ऋताने माझ्या हातात ते स्टीलचं काउंटर ठेवलं, माझा अंगठा धरून त्याच्या बटणावर टेकवला आणि म्हणाली, "दहा पक्ष्यांना एक क्लिक. घाई करू नकोस." वेळ इतकी नक्की माहीत आहे, कारण त्याच क्षणी तिने ती वहीत लिहिली आणि मी तिच्या वहीकडे बघत होतो. खरं तर तिच्याकडे.

म्हणून ही वही सुरू केली. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या जर्नलसाठी आणली होती, कोरीच राहिली. कॉलेज सोडलं त्याला दोन महिने झाले. हजेरी कमी होती, सर काही बोलले, मी त्याहून जास्त बोललो आणि परत गेलो नाही. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत आई सगळ्यांना सांगते, "सुयश सध्या ब्रेकवर आहे." बाबा काहीच सांगत नाहीत. ते रबाळ्याला कंपनीत जातात, येतात, माझ्याशी कामापुरतं बोलतात.

बोटीवरचं काम आईच्या कोळंबीमुळे मिळालं. ती दर बुधवारी दिवाळे गावच्या बाजारात गोजरामावशीकडून मासळी घेते. मावशी तिला म्हणाली, "पोरगा घरीच हाय ना? मंग धाड आमच्याकडं. आमचा मानूस पाखरां दाखवाला बोट काढतो. पब्लिक इंग्लिशमधी इचारतं नि ह्यो नुसता हसतो." आईला वाटलं मावशी गंमत करतेय. मी दुसऱ्या दिवशी गेलोसुद्धा. फोनवर बुकिंग घ्यायचं, लोकांना लाइफ जॅकेट घालायचं, पक्ष्यांची नावं सांगायची. महिन्याभरात पंधरा नावं पाठ झाली.

ऋता टुरिस्ट नाही. ती एम.एस्सी. करतेय, सांगलीची आहे, तीन महिने सीवूड्सला तिच्या मावशीकडे राहणार. दर पंधरा दिवसांनी, अमावस्या किंवा पौर्णिमा दोन दिवसांवर आली की तिला बोट हवी. तेव्हा भरतीची वेळ सकाळची येते. पाणी चढत जातं, चिखल कमी कमी होत जातो आणि सगळे फ्लेमिंगो उरलेल्या पट्टीवर गोळा होतात. तो अर्धा तास मोजायचा. नंतर पट्टी बुडते आणि ते उडून जातात.

फ्लेमिंगो मी मोजायचे, कारण ते मोठे, चुकत नाहीत. बारीक-सारीक चिखलातले पक्षी ती मोजते. त्याच वेळी पलीकडे बंधाऱ्यावर तिच्या कॉलेजचा स्वानंद दुर्बीण लावून उभा असतो आणि तेच फ्लेमिंगो जमिनीवरून मोजतो. म्हणजे एकच कळप, दोन बाजूंनी. दोन्ही आकडे जुळले की काम बरोबर.

काल माझे १८६ क्लिक. म्हणजे १,८६०. स्वानंदचे १,८४०. ऋता ओरडली, "अरे वा! पहिल्याच दिवशी?" आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

अजून लागतोय.

१५ जानेवारी

विशेष काही नाही. दोन फेऱ्या झाल्या. गोजरामावशीच्या नवऱ्याला, हिरामणकाकांना विचारलं, "ऋता कशी वाटते?" म्हणाले, "बाय चांगली हाय. बोटीत उलटी करत नाय."

१९ जानेवारी, रविवार

आज डोकं सटकलं.

ठाण्याचा एक ग्रुप होता. त्यातला एकजण पट्टीजवळ गेल्यावर टाळ्या वाजवायला लागला. म्हणे, "उडवा ना यांना, रील बनवायचीय." मी म्हटलं, शांत बसा. तो म्हणाला, "पैसे दिलेत भाऊ, फुकट नाही आलो." मी त्याची टोपी काढून पाण्यात फेकली.

काकांनी बोट वळवली, वल्ह्याने टोपी उचलली, पिळली आणि त्या माणसाला दिली. वर त्याला "सॉरी साहेब, पोरगा नवीन हाय" म्हणाले. मला न विचारता, माझ्या वतीने!

परत आल्यावर म्हटलं, "काका, चूक त्याची होती."

"व्हती."

"मग सॉरी तुम्ही का म्हणालात?"

"बोट कोनाची हाय?" एवढंच बोलून ते दोर गुंडाळायला लागले. यात उत्तर काय आहे ते मला कळलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

दुसरी मोजणी. नीट लिहितो, कारण आजचा दिवस विसरायचा नाही.

साडेसातला दिवाळ्याच्या धक्क्यावर पोचलो. ऋता आधीच आली होती. तिने एक निळी टोपी घातली होती, तिला मोठी होती, सारखी डोळ्यांवर येत होती. धक्क्यावर बायका काल रात्रीची मांदेली वाळायला पसरत होत्या. ऋताने प्रत्येकीला विचारलं, हे कुठे मिळालं, किती खोलात. एक म्हातारी तिला म्हणाली, "लगीन कर नि इथंच र्‍हा, रोज बग." मी हसलो. ऋतापण हसली. लक्षात ठेवलंय.

पुलाखालून पुढे गेल्यावर दोन्हीकडे तिवरांची झाडं. पाणी उतरलेलं होतं, त्यामुळे मुळं सगळी वर, खिळे ठोकल्यासारखी. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, मासा असून पायांवर चालल्यासारख्या. ऋताने काकांना बोट थांबवायला लावली आणि दहा मिनिटं नुसत्या निवट्या बघितल्या. काका म्हणाले, "बाय, ह्याचं कालवन केलं ना, तू मोजनी इसरशील." ती म्हणाली, "काका, मी शाकाहारी आहे." काकांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी लगेच बोट पुढे काढली.

मग कोल्हा दिसला. खरा कोल्हा, तिवरांच्या कडेला, चिखलात पोटापर्यंत. खेकडा धरला होता त्याने. मागे पाम बीच रोडचे टॉवर, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, आणि पुढे हा. त्याने आमच्याकडे पाहिलं, खेकडा चावला, सावकाश आत गेला. ऋताने माझं मनगट घट्ट धरलं होतं. तो गेल्यावर सोडलं. मग लगेच फोन लावला, "स्वानंद, गाढवा, कोल्हा! हो रे, आत्ता! तू कुठेयस? अजून नेरूळलाच? काही खाल्लंयस का? नाही ना? मला माहीतच होतं." त्याच्यावर ती सारखी ओरडत असते. माझ्यावर एकदाही ओरडलेली नाही.

खाडीच्या मधोमध एका खांबावर कैकर, म्हणजे मासे मारणारा गरुड, बसला होता, पायात मासा, तो मासा अजून हलत होता. लांब चोचीचे गॉडविट एका ओळीत चिखलात चोची खुपसत होते, शिवणयंत्रासारखे. आणि मग पट्टी. लांबून ती नुसती गुलाबी रेघ दिसते. काकांनी मशीन बंद केली. वल्ह्याने हळूहळू जवळ गेलो. फ्लेमिंगोंचा आवाज ऐकू येतो, हजार माणसं तोंड मिटून एकदम काहीतरी बोलत असल्यासारखा.

मोजायला लागलो. डावीकडून उजवीकडे, दहाचा गठ्ठा, क्लिक. दहाचा गठ्ठा, क्लिक. शेवटच्या टोकाला पोचलो तेव्हा काउंटरवर १४३.

ऋताचं तोंड मला बाजूने दिसत होतं. ती आपल्या बारक्या पक्ष्यांत होती, पण मधूनच पट्टीकडे बघायची आणि ओठ चावायची. मला एकदम वाटलं, आता १४३ सांगितलं की हिचा चेहरा पडणार. मागच्या वेळी १८६ होते.

मी अंगठा दाबत राहिलो. १९१ वर थांबलो.

"किती?"

"एकशे एक्क्याण्णव."

"खरंच? मला कमी वाटत होते." तिने काउंटर स्वतः वाचलं, वहीत लिहिलं, शून्यावर आणलं. आणि हसली. तिचे दात थोडे पुढे आहेत, हसली की दिसतात.

तिकडून स्वानंदचा आकडा आला, १,४२०. ती म्हणाली, "उशिरा पोचला असणार. तोपर्यंत काही उडाले असतील."

यात कुणाचं काही गेलं नाही. गोजरामावशी कोळंबी मोजून झाल्यावर वरून मूठभर टाकते ना, गिऱ्हाईक खूश होतं. तसंच आहे हे. पक्षी तर तिथे होतेच, थोडे कमी होते इतकंच.

३ फेब्रुवारी

परवा ऋताला मेसेज केला, "कशी आहेस?" उत्तर आलं दुसऱ्या दिवशी, "रिपोर्ट लिहितेय, मरतेय. बरी आहे. तू?" मी चार वेळा खोडून लिहिलं, "मस्त." तिने अंगठा पाठवला.

बाबांनी जेवताना विचारलं, "त्या बोटीवर पुढे काय आहे?" म्हटलं, "पाणी." आई हसली. बाबा हसले नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिसरी मोजणी. खरे ११८. सांगितले २०५.

आज मुद्दाम केलं, लपवत नाही. पट्टी पाहिल्यावरच कळलं की अजून कमी झालेत. जाताना ऋता म्हणाली होती की तिची गाइड, शर्मिला मॅडम, मागच्या आकड्यावर खूश झाली. "म्हणाली, सगळीकडे कमी होतायत आणि तुझ्याकडे टिकून आहेत, छान विषय आहे." हे सांगताना ती बोटीत उभी राहिली होती, काका "बाय, बस" म्हणत होते तरी. मग मी आज ११८ कसे सांगणार?

एक गोष्ट लिहून ठेवतो, नीट समजली नाही म्हणून. परत येताना मी विचारलं, "समज कमीच आले असते, तर?" ती म्हणाली, "तर कमी लिहायचे. उलट मग शोधायचं, का कमी. तेच तर काम आहे." मला वाटलं, आकडा चांगला आलाय म्हणून सहज म्हणतेय.

स्वानंदचे १,१९०. या वेळी तो वेळेवर होता, सव्वाआठलाच. फोनवर दोघांचं भांडण झालं. मला एकच बाजू ऐकू आली, "नाही, मी स्वतः काउंटर वाचलंय... बाराशे कसे असतील? अरे मी जवळ होते, तू लांब... तू मोजतोस का तिथे, की बसून राहतोस?... मग दुर्बीण बदल... ओरडू नकोस माझ्यावर." फोन ठेवला आणि ती पाण्याकडे तोंड करून बसली.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फूल घेतलं. सीवूड्स स्टेशनबाहेर पाऊण तास उभा राहिलो. मेसेज केला, इकडे आलोय, चहा घेऊ या का. ती म्हणाली, मॅडमकडे आहे, मीटिंग लांबलीय, सॉरी.

फूल रिक्षावाल्याला दिलं. तो म्हणाला, "मेरेको क्यों?" म्हटलं, घरी दे. तो फारच खूश झाला.

ठरवलंय, पुढच्या मोजणीला सांगून टाकायचं. बोटीतच. काकांना आधी सांगून ठेवतो, त्यांनी तिकडे बघावं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार होतो.

ऋता आली तीच उतरलेली. टोपी नव्हती. बोट सुटल्यावर नेहमीसारखा फोन लावला नाही. मीच विचारलं, "स्वानंद पोचला का?"

"स्वानंद नाहीये आता."

"म्हणजे?"

"मॅडमने काढलं त्याला. दोन वेळा आकडा जुळला नाही. मॅडम म्हणाली, एकतर हा तिथे जात नाही किंवा जाऊन झोपतो. तो म्हणाला, मी मोजलेत, परत परत मोजलेत. मग मॅडमने मला विचारलं." ती थांबली. "मी म्हटलं, आमचं काउंटर मी स्वतः वाचलंय. म्हणजे तू खोटं लिहितोस, असंच झालं ना ते? सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, "जाऊ दे." का म्हटलं देव जाणे.

ती म्हणाली, "जाऊ दे काय, सुयश? तीन वर्षं झाली आम्हाला." आणि मग तिला रडू आलं. काका मागे मशीनपाशी उभे होते, त्यांनी मशीन मोठी केली. तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून केली असणार.

'आम्हाला.' मी हा शब्द पुलापासून पट्टीपर्यंत मनात फिरवत होतो.

पट्टी आली. आज मी एकही क्लिक जास्त दाबला नाही. ९७. तिने काउंटर पाहिलं आणि तिला वाटलं अडकलं असेल. शून्य करून स्वतः मोजलं. ९८.

"पंधरा दिवसांपूर्वी दोन हजार पन्नास होते," ती म्हणाली. "निम्मे? पंधरा दिवसांत निम्मे?" "काहीतरी झालंय इथे. कुणीतरी पाण्यात काहीतरी सोडलंय. मॅडमला सांगायला हवं. नमुने घ्यायला हवेत." तिने फोन काढला, एक नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. स्क्रीनवर नाव होतं 'गाढव'.

धक्क्यावर उतरल्यावर ती जवळजवळ पळत रिक्षाकडे गेली.

मी बोट धुवायला लागलो. काका बाजूला बसून जाळ्याचं भोक शिवत होते. वर न बघता म्हणाले, "आज बरोबर मोजलीस."

"म्हणजे?"

"मागल्या दोन टायमाला पाखरां संपली तरी तुजा आंगठा चालूच व्हता."

म्हटलं, "तुम्ही पाहिलंत?"

"चालीस वर्सं ह्या खारीत हाय मी. किती पाखरां बसल्यान, मना मोजावं लागत नाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मना वाटला तूच बोलशील. मोठा झालायस ना."

माझं डोकं तापलं. म्हटलं, "काय एवढं मोठं केलं मी? ती खूश व्हावी म्हणून केलं. मावशी नाही टाकत कोळंबी वरून मूठभर? गिऱ्हाइकासाठीच ना?"

तेवढ्यात मागून गोजरामावशीच आली, रिकामी पाटी डोक्यावर. तिने अर्धंच ऐकलं असावं, पण बाकीचं काकांच्या तोंडाकडे बघून तिला कळलं. पाटी खाली ठेवली.

"ती कोलंबी माझ्या पाटीतली असते रं," ती म्हणाली. "माझ्यातली मी टाकते. पाखरां तुझ्या बापाची व्हती?"

मी निघालो. बादली तशीच राहिली बोटीत.

२६ फेब्रुवारी

गेलो नाही. काकांना ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

२७ फेब्रुवारी

काल रागात होतो. आज शांतपणे विचार करून लिहितो.

नाही सांगितलं तर काय होईल? काकांनी इतके दिवस सांगितलं नाही, ते आताही सांगणार नाहीत. मावशीही नाही. स्वानंद गेलाच आहे. ऋता आता एकटी आहे. महिन्याभरात विसरेल, आणि त्या महिन्याभरात बोटीवर तिच्यासोबत मी असेन. सगळं माझ्या बाजूने आहे.

हे वरचं वाक्य लिहिलं आणि तिची 'तीन वर्षं' आठवली. परत परत वाचलं. नीट बसत नाही.

आणि तिला वाटतंय खाडीत कुणीतरी विष सोडलंय. ती आता बाटल्या घेऊन पाणी गोळा करत फिरेल. पाण्यात काही सापडणार नाही, आणि तिला वाटेल आपणच नीट शोधलं नाही.

१ मार्च, शनिवार

आईने विचारलं, "बोटीवरून काढलं का तुला?" म्हटलं, नाही. "मग भांडलास?" म्हटलं, नाही. "मग प्रेमात पडलास." मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "भाजीत मीठ किती घालायचं ते कळत नाही तुला, पण तोंडावर सगळं असतं." मग म्हणाली, "कोण आहे?" मी सांगितलं नाही. तिनेही ताणलं नाही.

संध्याकाळी दिवाळ्याला गेलो. काका धक्क्यावर होते. माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "ताप?" म्हटलं, "नव्हता." त्यांनी मान हलवली आणि बिडी पुढे केली. मी ओढत नाही, त्यांना माहीत आहे. तरी घेतली, खिशात ठेवली.

म्हटलं, "काका, सांगितलं तर ती परत बोटीवर येणार नाही."

"नाय येनार."

"तुमचंही गिऱ्हाईक जाईल."

"जाईल."

"मग?"

"मंग काय," ते म्हणाले. "भरती काय आपल्याला इचारून येते?" मग स्वतःच हसले. "मना नीट सांगता येत नाय रं पोरा. तू शिकलेला हायस."

अर्धाच शिकलेला आहे, म्हटलं. ते म्हणाले, "मंग अर्धा तरी सांग."

२ मार्च, रविवार, दुपार

आकडे एका कागदावर उतरवून काढले. खरे कुठेच लिहिलेले नाहीत, फक्त इथे. तिच्या वहीत माझे खोटे आहेत. ११ जानेवारी, १,८६०, खरे. २७ जानेवारी, १,४३०. १० फेब्रुवारी, १,१८०. २५ फेब्रुवारी, ९७०. शेजारी स्वानंदचे लिहिले, मला तिच्या बोलण्यातून आठवत होते तेवढे. १,८४०. १,४२०. १,१९०. इतके जवळ की बघवत नव्हतं. तो तिकडे बंधाऱ्यावर एकटा उभा राहून बरोबर मोजत होता आणि वर शिव्या खात होता.

आणि पक्षी सावकाश कमी होत होते. एकदम नाही. दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे. हेच तिला शोधायचं होतं, आणि ते मी झाकून ठेवलं.

वही तिला दाखवायची का, असाही विचार आला. नको. तिने ते धपाट्याचं आणि दातांचं वाचावं असं नाही वाटत. कागद पुरे.

अडीच वाजता फोन केला.

"बोल. ताप उतरला का? काका म्हणाले ताप होता."

"नव्हता. ऐक, मला भेटायचंय. तुला आणि स्वानंदला."

"स्वानंद माझ्याशी बोलत नाही, सुयश."

"मग शर्मिला मॅडमना भेटतो. त्या कुठे असतात?"

"मॅडमना? तू? कशाला?"

"आकडे घेऊन यायचंय."

मागे कुणाच्यातरी घरचा कुकर वाजत होता. मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, हळू, "कोणते आकडे?"

मी म्हटलं, "फोनवर नाही सांगत." खरं म्हणजे फोनवर सोपं गेलं असतं. म्हणूनच नाही सांगितलं.

ती म्हणाली, "मी साडेचारला मॅडमकडे वाशीला जातेय, पाण्याच्या नमुन्यांचं ठरवायला." पत्ता पाठवला. खाली लिहिलं, "स्वानंदला मी सांगून बघते. येईल की नाही माहीत नाही." नेहमीचा अंगठा नव्हता.

तिला अंदाज आला असणार. हुशार आहे ती.

पावणेचार. शर्ट बदलला. उभ्यानेच लिहितोय. माझी भीती एकच आहे, स्वानंद आला आणि काही बोलला तर माझं डोकं सटकेल. सटकू द्यायचं नाही. त्याने हात उचलला तरी नाही. एखादी मारू दे. मॅडमही बोलतील, ते उभं राहून ऐकायचं. ऋता काय बोलेल ते मात्र डोळ्यांसमोर आणता येत नाही. कदाचित काहीच बोलणार नाही. ते सगळ्यात वाईट.

तिला माझ्याबद्दल काय वाटतं, हे मी दोन महिने शोधत होतो. आता साडेचारला कळेल.

आत्ता बाहेरच्या खोलीत बाबांनी विचारलं, "कुठे निघालास?"

"वाशीला."

"काय काम?"

म्हटलं, "चूक झालीय एक. माझी. ती सांगायला चाललोय."

पेपर खाली करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी. म्हणाले, "मी येऊ?"

म्हटलं, "नको बाबा. एकटाच जातो."

"जेवढी झालीय तेवढीच सांग," ते म्हणाले. "कमी नको, जास्त नको." आणि परत पेपर वर केला. पान मात्र उलटलं नाही.

कागद खिशात आहे. वही कपाटात, शर्टांखाली ठेवतो. चाललो. दार ओढून घेतो.